स्वस्त चहा समुद्रात का गेला?

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४० पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या गेल्या. शाळेच्या इतिहासातून ही गोष्ट आपल्या डोक्यात साधारण अशी बसलेली असते : इंग्रजांनी चहावर जबर कर बसवला, वसाहतवाले चिडले, त्यांनी चहा बुडवला. पण त्या वर्षीच्या कायद्याने अमेरिकेत चहा महागणार नव्हता, उलट स्वस्त होणार होता. मग लोक पेटले कशाने, हे कळायला दहा वर्षं मागे जावं लागतं.

१७६३ साली सात वर्षांचं युद्ध संपलं. फ्रान्सकडून कॅनडा मिळाला, पण ब्रिटनवरचं कर्ज जवळपास दुप्पट होऊन १३ कोटी पौंडांच्या घरात गेलं. त्यात अमेरिकेत सुमारे दहा हजारांची फौज कायम ठेवायचं ठरलं होतं. खुद्द इंग्लंडमधले लोक करांनी पिचले होते. सफरचंदाच्या दारूवर त्याच वर्षी कर बसला, तर तिकडच्या परगण्यांत दंगे झाले. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिलचा हिशेब सरळ होता : फौज ज्यांच्यासाठी, त्यांनी थोडा भार उचलावा. वसाहतीतला माणूस इंग्लंडमधल्या माणसाच्या मानाने किरकोळ कर भरत होता, तेव्हा लंडनमधून पाहणाऱ्याला यात वावगं काही दिसत नव्हतं.

पहिला कायदा १७६४ चा. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या वसाहतींत, रम गाळायला लागणाऱ्या उसाच्या मळीवर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स जकात होती. ग्रेनव्हिलने ती तीन पेन्सवर आणली. दर निम्मा झाला आणि बोंब मात्र वाढली, कारण सहा पेन्स कोणी भरतच नव्हतं. जकात अधिकाऱ्याचा हात ओला केला की काम भागायचं. आता वसुली खरोखर होणार होती, आणि पकडलेल्याचा खटला ज्यूरीशिवाय आरमारी न्यायालयात चालणार होता.

पुढच्या वर्षी मुद्रांक कायदा आला. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, पत्त्यांचे जोड, फासे, सगळ्यांवर तिकीट. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीमागे दोन शिलिंग, आणि पैसे ब्रिटिश चलनात भरायचे, ज्याचा वसाहतींत नेहमीच तुटवडा. कायदा करणाऱ्यांच्या धूर्तपणाबद्दल काय बोलावं? ज्यांना बोलता येतं ते वकील आणि ज्यांना छापता येतं ते छापखानेवाले, या दोघांच्याच खिशात त्यांनी एका दमात हात घातला. १४ ऑगस्ट १७६५ ला बोस्टनमध्ये नियोजित मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला गेला. बारा दिवसांनी जमावाने नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर अक्षरशः धुऊन नेलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला, तोवर तिकिटं विकायला बहुतेक वसाहतींत माणूसच उरला नव्हता. इंग्लिश मालावर बहिष्कार पडल्याने तिकडचे व्यापारीच संसदेत धावले आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून ठेवला : वसाहतींना बांधील ठरतील असे कायदे करण्याचा आपला अधिकार सर्व बाबतींत अबाधित आहे.

माझ्या मते भांडणाचं मूळ यानंतरच्या प्रकरणात आहे, आणि नेमकं तेच पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. १७६७ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात जकात लावली. जकातीचा पैसा कुठे जाणार, हे कायद्यातच लिहिलं होतं : वसाहतींतले गव्हर्नर आणि न्यायाधीश यांच्या पगाराला. मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी गव्हर्नर राजा नेमायचा, पण त्याचा पगार दरवर्षी स्थानिक विधिमंडळ मंजूर करायचं. गव्हर्नर फार अकडला की पगार लोंबकळत ठेवायचा, हा तिथला जुना डाव. लोकांच्या हातात राजाच्या माणसाची एवढी एकच दोरी होती. पगार परस्पर जकातीतून निघाला की ती सुटली. १७७२ मध्ये न्यायाधीशांचे पगारही राजा देणार अशी बातमी आली, तेव्हा सॅम्युअल अ‍ॅडम्सच्या पुढाकाराने बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगाव अशा समित्या निघाल्या. पुढच्या बंडाचं जाळं विणलं गेलं ते इथे, आणि तेव्हा नवा कर कोणताच बसला नव्हता.

मधल्या काळात, १७७० मध्ये, चहा सोडून बाकीच्या जकाती उठल्या होत्या. चहावरची रतलामागे तीन पेन्स तेवढी हक्काची खूण म्हणून राखली. लोक चोरटा डच चहा पीत होते आणि वाद थंडावत चालला होता.

तो पुन्हा तापवला तो ईस्ट इंडिया कंपनीने, आणि त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी हाती आल्यावर कंपनीचे शेअर फुगले, लाभांश वाढले. मग हैदर अलीशी युद्ध आणि १७६९-७० चा बंगालचा भीषण दुष्काळ. १७७२ च्या आर्थिक संकटात कंपनी बुडायच्या बेतात आली. लंडनच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी रतल चिनी चहा पडून होता. १७७३ मध्ये संसदेने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने तिला वेसण घातली आणि चहा कायद्याने माल खपवायची वाट मोकळी केली. यातल्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टची झळ पुण्यालाही लागली. मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तो कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने याच कायद्याच्या जोरावर अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह झाला.

चहा कायद्याने कंपनीला इंग्लंडमधली जकात माफ झाली आणि अमेरिकेत नेमलेल्या आडत्यांकडे थेट माल पाठवायची मुभा मिळाली. तीन पेन्स तेवढे कायम राहिले. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थला ते सोडा असं संसदेतच सुचवलं गेलं होतं. त्याने ऐकलं नाही. अमेरिकेत याचा अर्थ लगेच लावला गेला : स्वस्ताईच्या आमिषाने जकात गळी उतरवायची. स्थानिक व्यापारी बाजूला पडणार, चोरट्या धंदेवाल्यांचं दुकान बसणार, हाही राग होताच. तो लपवण्यात अर्थ नाही. बोस्टनच्या आडत्यांत तर हचिन्सनचे दोन मुलगे होते, आणि हचिन्सन आता गव्हर्नर होता.

न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाकडची जहाजं माल न उतरवता परतली. बोस्टनला हचिन्सनने परतीचा परवाना नाकारला. जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, आणि तिथल्या तिघांपैकी पहिल्या जहाजाची, ‘डार्टमथ’ची, मुदत १७ डिसेंबरला संपत होती. आदल्या रात्री काम उरकलं गेलं. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग पाण्यावर डोकं काढू लागले आणि ते ढकलावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा भरला, तर साथीदारांनीच त्याला धरलं. कंपनीचं नुकसान ९,६५९ पौंड.

लंडनने बोस्टन बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलून टाकली. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनमध्ये गोळी सुटली आणि युद्ध पेटलं. १७७८ मध्ये संसदेने शेवटी कायदा केला की महसुलासाठी वसाहतींवर कर लावणार नाही, आणि चहावरची ती जकातही उठवली. पण तोवर साराटोगाला ब्रिटिश फौज शरण गेली होती आणि फ्रान्सने अमेरिकेशी तह केला होता. समेटासाठी आलेल्या ब्रिटिश कमिशनरांना वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, कळवलं : आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा काढून घ्या, मग बोलू.