कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन नाशिकमध्ये करायचं आहे? सही कोणाची, कागद कोणते?

नवऱ्याची सही लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण चौकशीला आलेल्या बाईच्या मनात हाच प्रश्न असतो आणि तो विचारायला ती सगळ्यात जास्त लाजते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संमतीपत्रावर सही किंवा अंगठा फक्त ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईचा हवा. नवरा सोबत आला तर उत्तम, पण "मिस्टरांना घेऊन या, मग बघू" असं कोणी म्हणालं तर तो नियम नाही, सवय आहे. खासगी दवाखान्यांत ही सवय अंमळ जास्तच दिसते.

पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. बाई विवाहित असावी, म्हणजे कधीतरी लग्न झालेलं असावं. वय २२ ते ४९. किमान एक मूल हवं आणि ते वर्षापेक्षा मोठं हवं, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. नवरा-बायकोपैकी कोणाचं हे ऑपरेशन आधी झालेलं नसावं. झालेलं फसलं असेल तर मात्र पुन्हा करता येतं. "दोन मुलं झाल्याशिवाय करत नाहीत" किंवा "एक तरी मुलगा लागतो" असं शेजारपाजारी ऐकू येतं. कागदावर असं काहीही नाही.

जायचं कुठे? शहरात असाल तर त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. महापालिकेचं नाशिक रोडचं बिटको आणि कथड्यातलं डॉ. झाकीर हुसेन या रुग्णालयांतही चौकशी करता येते. पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या बायकांनी आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना गाठावं. सर्जन कोणत्या वारी येणार हे त्यांनाच नक्की ठाऊक असतं, आणि शंभर रुपये भाडं घालून गेल्यावर "आज ऑपरेशन नाही" ऐकण्यापेक्षा ते बरं.

वाराइतकीच पाळीची तारीखही महत्त्वाची. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत ऑपरेशन करता येतं. ते राहून गेलं तर सहा आठवडे थांबावं लागतं. एरवी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत गेलेलं सोयीचं, कारण तेव्हा दिवस गेलेले नाहीत याची खात्री असते. सिझेरियनच्या वेळीही ते होतं, पण त्याची संमती आधी, शांत डोक्याने द्यायची. कळा सुरू असताना पुढे केलेल्या कागदावर नाही.

दुर्बिणीचं की टाक्याचं, हे डॉक्टर ठरवतात. बाळंतपणानंतर लगेच असेल तर टाक्याचंच. आधी हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर परत पाठवतात, आणि तो नियम तुमच्याच भल्याचा आहे.

कागदपत्रं म्हणून आधार कार्ड, रेशन कार्ड, शेवटच्या मुलाचा जन्मदाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड, फोटो आणि बँक पासबुक मागतात. गोची होते ती पासबुकाशी. खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, आणि पैसे अडकतात. माझ्या नणंदेचे असेच तीन महिने अडकले होते. नाव आधी एक करून घ्या. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं, नवऱ्याचं चालत नाही.

पैसे किती? सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत असतं. वर बुडालेल्या मजुरीपोटी दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती किंवा जमातीच्या बाईला ६०० रुपये आणि इतरांना २५० रुपये मिळतात. ६०० साठी पिवळं रेशन कार्ड किंवा जातीचा दाखला जोडावा लागतो. पुरुषाने बिनटाक्याची नसबंदी केली तर १४५१ रुपये. पोट उघडावं लागत नाही, पैसे दुपटीहून जास्त, तरी रांगेत बायकाच. असो.

आता संमतीपत्र. ते सही करण्यापूर्वी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. ऑपरेशन कायमचं आहे. बंद केलेल्या गर्भनळ्या परत जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण यशाची खात्री नसते. टेबलावर जाण्याआधी कोणत्याही क्षणी नाही म्हणता येतं आणि त्यामुळे बाकीचे उपचार बंद होत नाहीत. तिसरी गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नाही: ऑपरेशन फसूही शकतं. हजारात पाचेक बायकांना पहिल्या वर्षात दिवस जातात. म्हणून नंतर कधी पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात जायचं. तिथे गर्भपाताची सोय मोफत आहे.

अशा वेळी भरपाईही असते. कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेत ऑपरेशन फसल्यास ६० हजार, गुंतागुंतीच्या उपचारासाठी ५० हजारांपर्यंत आणि दवाखान्यात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये मिळतात. दावा ९० दिवसांच्या आत करायचा. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र लागतं.

हे प्रमाणपत्र ऑपरेशनच्या दिवशी मिळत नाही. पुढची पाळी आल्यावर किंवा महिन्याने, जे आधी होईल तेव्हा मिळतं. आणि नेमकं तिथेच ते राहतं. बाई बाळंतपणाला माहेरी कळवणला जाते, तिथेच ऑपरेशन होतं, आणि महिन्याभरात ती सिडकोतल्या घरी परत येते. प्रमाणपत्र कळवणलाच. मग मुलींना टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या लेक लाडकी योजनेत पहिल्या मुलीचा इयत्ता सहावीचा किंवा दुसऱ्या मुलीचा इयत्ता पहिलीचा हप्ता मागायची वेळ आली की शोधाशोध सुरू होईल, कारण त्या अर्जाला आई किंवा वडिलांचं हेच प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा माहेरून निघतानाच भावाला किंवा आईला तारीख सांगून ठेवा, आणि कागद हातात आला की तो रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.