डांगर, मावा आणि फुटीच्या गोतातला शिपाई

माघात गिरणाकाठच्या डांगराच्या वाडीत जा आणि वेलाच्या शेंड्याकडचं पान उलटून बघा. (डांगर म्हणजे खरबूज. पुण्याकडच्यांनी लाल भोपळा डोळ्यांसमोर आणू नये.) कडा आखडलेल्या, आणि खालच्या बाजूला मोहरीहून बारीक, हिरवट-काळे ठिपके. नखानं डिवचलं की ठिपका चालायला लागतो. पान हाताला चिकटतं, मुंगळ्यांची ये-जा चालू असते. मावा पडलाय, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड.

कपाशीवरचा मावा तो हाच, ॲफिस गॉसिपी. पऱ्हाट्या उपटल्या की पंखवाल्या माद्या उडतात, आणि समोर कोवळी डांगरं असतात. नर लागत नाही, अंडी नाहीत. मादी थेट पिल्लं टाकते आणि उबदार हवेत तीही आठवडाभरात विणायला लागतात.

रस गेल्याचं नुकसान निदान दिसतं तरी. खरी गोम विषाणूची. काकडीचा मोझॅक विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटून येतो. पान चाखायला मावा सोंड टोचतो, आणि त्या काही सेकंदांतच लागण होऊन जाते. फवारणीनं तो मरतो, पण काम उरकून मरतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. त्यांच्या केळीवरचा 'हरण्या' रोग याच विषाणूचा. केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका म्हणतात, ते यासाठीच.

मग वेलालाच शहाणं केलं तर? डांगराच्या काही वाणांत 'व्हॅट' नावाचं जनुक आहे. त्यावर सर्वांत जास्त काम फ्रान्समध्ये झालं. हे जनुक एक पहारेकरी प्रथिन बनवतं. माव्यानं सोंड खुपसली की ते जागं होतं, टोचलेल्या जागच्या मोजक्या पेशी स्वतः मरतात, भोवतीच्या पेशींच्या भिंती जाड होतात. विषाणू तिथेच कोंडला जातो. माव्याचंही पोट भरत नाही, पिलावळ रोडावते.

गंमत म्हणजे हे जनुक कोरियातल्या एका वाणात सापडलं, तसंच भारतातून गेलेल्या एका फुटीच्या वाणातही. फूट हेही डांगरच, बांधावरच्या शेंदाडाची जवळची भाऊबंद. पळपुट्याला आपण शेंदाड शिपाई म्हणतो, आणि पहाऱ्याला उभा राहिला तो याच गोतातला!

पण पहारेकरी ओळखतो फक्त ह्याच माव्याला. तोच विषाणू मिरचीवरच्या हिरव्या माव्यानं आणला, तर हाच वेल बिनबोभाट आजारी पडतो. ॲफिस गॉसिपीच्याही काही वंशावळी त्याला चकवतात. टरबूज तर वेगळ्याच प्रजातीचं, तिथे डांगराचं हे जनुक संकरानं नेता येत नाही.

युरोपात बियाण्याच्या पाकिटावर हा गुण 'एजी' (ॲफिस गॉसिपीची आद्याक्षरं) अशा दोन अक्षरांत छापतात. आपल्याकडेही बी घेताना दुकानदाराला मावा-प्रतिकाराचं विचारावं. वेलांवर क्रॉप कव्हर (पातळ कापडाचं आच्छादन) घालतातच, पण फुलं लागली की मधमाश्यांसाठी ते काढावं लागतं, आणि मावा त्याच वाटेनं आत येतो.