टीएनएफवरची पैज: रविंदर मैनींच्या संशोधनाची पार्श्वभूमी

बायोलॉजिक इंजेक्शन, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रोटीनचं औषध, सुरू करायचं ठरलं की डॉक्टर कागदावर 'अँटी-टीएनएफ' लिहितात, आणि घरी आल्यावर कोणीतरी मोबाईलवर फुलफॉर्म बघतं, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मावशीला आरए, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार) झाला तेव्हा आमच्याकडे हेच झालं. तिची बोटं सकाळी दोन-दोन तास वळायची नाहीत, कुकरचं झाकण लावायला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागायची, ते सगळं तिने सोसलं पण त्या एका शब्दाने ती हादरली. "ट्यूमर म्हणजे गाठच ना रे? मग मला हे कॅन्सरचं औषध कशाला देतायत?" तिला समजावून सांगता सांगता मी टीएनएफचा आणि आरएमध्ये तो अडवून बघणाऱ्या लंडनच्या डॉक्टर रविंदर मैनींचा हा सगळा इतिहास वाचत गेलो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

या नावाचा घोळ १९७५ पासूनचा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका कॅन्सर संस्थेत उंदरांना आधी बीसीजी (क्षयाची लस) टोचली, मग जंतूंचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, दिलं, आणि त्या उंदरांच्या सीरममध्ये असं काहीतरी सापडलं की ते गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं तर त्यांची गाठ आतून मरायला लागायची. म्हणून हे नाव. त्याच शहरात दुसरी एक टीम वेगळ्याच प्रश्नामागे होती, की जुनाट इन्फेक्शन झालेली जनावरं इतकी खंगतात का, आणि त्यांना जे प्रोटीन मिळालं त्याला त्यांनी खंगण्यावरून 'कॅकेक्टिन' म्हटलं. १९८५ मध्ये लक्षात आलं की दोन्ही एकच. म्हणजे एक नाव सांगतं हे गाठ मारतं, दुसरं सांगतं हे माणसाला खंगवतं, आणि टिकलं पहिलं. कॅन्सरवरचं औषध म्हणून ते माणसांना देऊन पाहिलं पण शरीराला झेपेना, मात्र नाव तसंच राहिलं आणि आज सांधे सुजलेल्या माणसाच्या फाईलवर ते 'ट्यूमर' म्हणून उमटतं. माझ्या मते पेशंटच्या दृष्टीने कॅकेक्टिन जास्त खरं होतं, कारण आरएच्या पेशंटचं वजन उतरणं, सतत थकवा, यात या प्रोटीनचा हात असतोच.

रविंदर मैनींचा जन्म १९३७ चा, लुधियानाचा, बालपण युगांडात, नंतर शिक्षणासाठी इंग्लंड, केंब्रिज आणि मग लंडनमध्ये डॉक्टरकी. हा भाग भराभर सांगतो कारण खरी गोष्ट पुढे आहे. १९७० पासून ते पश्चिम लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये संधिवाताचे पेशंट बघत होते आणि शेजारच्या संशोधन संस्थेत इम्युनॉलॉजीची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची, लॅबही चालवत होते. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि लोक ती चटकन ओलांडून पुढे जातात. ओपीडीत ज्यांची बोटं वाकडी होताना दिसतायत त्यांच्याच सांध्यातलं अस्तर ऑपरेशननंतर लॅबमध्ये येतंय, आणि दोन्हीकडे तोच माणूस आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांची जोडी जमली मार्क फेल्डमन यांच्याशी. हे पोलंडमध्ये जन्मलेले, मेलबर्नमध्ये तयार झालेले, पक्के लॅबवाले. थायरॉइडच्या ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजारावर काम करताना १९८३ मध्ये फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं की पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, म्हणजे सायटोकाइन्स, त्यांच्यामुळे हे आजार पेटते राहत असतील. मैनींकडे पेशंट आणि सांधे, फेल्डमनकडे ही कल्पना.

आता पैजेवर येतो, म्हणजे एकट्या टीएनएफला अडवलं तरी आरए शमेल या पैजेवर, कारण वाद तिथेच होता. सुजलेल्या सांध्यात एक-दोन नाही, ढीगभर सायटोकाइन्स सापडत होते, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, टीएनएफ, अजून बरेच. जो तो म्हणत होता की इतक्या जणांपैकी एकाला अडवून काय होणार, बाकीचे त्याचं काम उचलतील. आणि अडवायचंच तर पहिला मान इंटरल्युकिन-१ चा, कारण कूर्चा झिजवण्यात त्याचं नाव आधीपासून पुढे होतं. याचं उत्तर उंदरात किंवा कागदावर मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून मैनी-फेल्डमनच्या गटाने पेशंटच्या सांध्यातच ते शोधलं. सांधा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेलं अस्तर घ्यायचं, एन्झाइमने त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि डिशमध्ये ठेवायच्या. बाहेरून काहीही न चेतवता त्या पेशी कितीतरी दिवस सायटोकाइन्स बनवत राहायच्या, म्हणजे सांध्यातला आजारच जणू डिशमध्ये चालू राहायचा. त्यात टीएनएफला पकडणारी अँटीबॉडी (एका ठरावीक रेणूला चिकटणारं प्रोटीन) टाकली तर इंटरल्युकिन-१ चं उत्पादन एकदम खाली आलं. हे १९८९ मध्ये छापून आलं. अर्थ सरळ होता, सगळे एका रांगेत उभे नव्हते, टीएनएफ वर होता आणि बाकीचे बरेच त्याच्या इशाऱ्यावर चालत होते.

इथे आपल्या भाषेतला एक गुंता सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच प्रयोगात ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे वयाने झिजलेल्या गुडघ्यातल्या पेशीही ठेवल्या होत्या आणि तिथे हा परिणाम दिसला नाही. मराठीत आपण दोन्हीला संधिवातच म्हणतो. आजीचे गुडघे दुखतात तो संधिवात, पस्तिशीतल्या बाईची बोटं सुजतात तोही संधिवात, अंगठा लाल होऊन ठणकतो, म्हणजे गाऊट, त्यालाही कुणी संधिवातच म्हणतं. आयुर्वेदात आमवात आणि वातरक्त असे वेगळे शब्द आहेत, आमवात साधारण आरएसारखा धरतात आणि वातरक्त गाऊटसारखं, पण बोलण्यात सगळं एकाच पोत्यात जातं. यातून नुकसान होतं. मावशीने पहिलं दीड वर्ष गुडघेदुखीचं तेल आणि पेनकिलरवर काढलं, कारण 'संधिवात आहे, वयाप्रमाणे व्हायचाच' असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि त्या दीड वर्षात तिची दोन बोटं कायमची वाकली. डिशमधल्या पेशींना जो फरक १९८९ मध्ये कळला तो आपल्या रोजच्या बोलण्यात अजून उतरलेला नाही.

बाकीचे पुरावे लवकर जमले. १९९१ मध्ये ग्रीसमधल्या एका गटाने माणसाचा टीएनएफ जास्त बनवणारे उंदीर तयार केले आणि त्यांचे सांधे आपोआप सुजले. १९९२ मध्ये लंडनच्या गटाने दाखवलं की उंदरांना आर्थ्रायटिस झाल्यानंतर अँटीबॉडी दिली तरी सूज आणि सांध्याची हानी कमी होते. माणसांसाठी लागणारी अँटीबॉडी मात्र दुसऱ्याच कामासाठी बनली होती, न्यूयॉर्कमधल्या विद्यापीठाची लॅब आणि पेनसिल्वेनियातली एक बायोटेक कंपनी यांनी ती सेप्सिससाठी, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीर कोलमडतं त्या अवस्थेसाठी, तयार केली होती. थोडा भाग उंदराचा, बराचसा माणसाचा, अशी जोडलेली, पुढे तिला इन्फ्लिक्सिमॅब नाव मिळालं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉसला २० पेशंटना ती सलाईनमधून दिली, हे सगळे बाकीची औषधं करून थकलेले होते. सहा आठवड्यांनी सुजलेल्या सांध्यांचा मधला आकडा १८ वरून ५ वर आला. या ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी औषध नसलेला डोस, नव्हता, त्यामुळे शंका घेणं बरोबरच होतं. मग ७३ पेशंटची रँडमाइज्ड, डबल-ब्लाइंड ट्रायल झाली (कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, आणि ते पेशंटला किंवा डॉक्टरला कळू द्यायचं नाही), १९९४ मध्ये छापली गेली, एकाच डोसनंतर चार आठवड्यांनी प्लासिबोत ८ टक्के, कमी डोसला ४४ टक्के आणि जास्त डोसला ७९ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाएवढा फरक पडला. एका रेणूला अडवून काय होणार, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इंटरल्युकिन-१ अडवणारं औषधही पुढे २००१ मध्ये आलं, पण आरएमध्ये त्याचा जोर टीएनएफवाल्या औषधांपेक्षा कमीच राहिला.

पण औषधाचा असर काही आठवड्यांनी ओसरायचा आणि परत परत दिलं की शरीर त्या उंदराच्या भागाविरुद्ध स्वतःच्या अँटीबॉडी बनवायचं. इथे मैनींच्या गटाने सोबत मेथोट्रेक्सेट हे आरएचं जुनं, स्वस्त औषध आठवड्याला थोडं देऊन बघितलं. १०१ पेशंटचा हा अभ्यास १९९८ चा. सगळ्यात कमी डोसला एकटं इन्फ्लिक्सिमॅब दिलेल्यांपैकी ५३ टक्क्यांमध्ये अशा अँटीबॉडी बनल्या, मेथोट्रेक्सेटसोबत दिलं तेव्हा १५ टक्क्यांमध्ये. आज डॉक्टर 'ती पिवळी गोळी सोडू नका' म्हणून बजावतात आणि पेशंटला वाटतं इंजेक्शन चालू आहे मग गोळी कशाला, त्याचं एक कारण हे आहे. सन्मानांच्या यादीत हा अभ्यास फारसा पुढे येत नाही, पण मला पहिल्या ट्रायलइतकाच तो मोठा वाटतो.

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत आरएसाठी पहिली मंजुरी मिळाली ती मात्र एटानरसेप्टला, तेही टीएनएफच अडवतं पण ते सिअ‍ॅटलच्या वेगळ्या कंपनीचं. इन्फ्लिक्सिमॅबला आधी १९९८ मध्ये क्रोन्सच्या आजारासाठी (यात आतडी सुजतात) आणि वर्षभराने मेथोट्रेक्सेटसोबत आरएसाठी परवानगी मिळाली. २००० मध्ये मैनी आणि फेल्डमन दोघांना क्राफूर्ड पुरस्कार, २००३ मध्ये लास्कर पुरस्कार आणि मैनींना 'सर'.

आपल्यासाठी महत्त्वाचं प्रकरण २००१ चं. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याचा अहवाल आला, निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाच्या बाहेरचा. कारण आपल्या शरीरात दडलेल्या टीबीच्या जंतूंभोवती पेशींची जी भिंत असते ती टिकवायला टीएनएफ लागतो, तो काढला की भिंत ढासळते. १९७५ चे ते बीसीजी टोचलेले उंदीर इथे आठवतात, हे प्रोटीन सापडलंच मुळी क्षयाच्या नातेवाईक जंतूमुळे. लंडनमध्ये ही जोखीम लहान होती, आपल्याकडे दडलेला टीबी कितीतरी लोकांत असतो आणि लहानपणी बीसीजी घेतल्यामुळे मॅन्टूची टेस्ट (टीबीसाठी त्वचेत टोचून करतात ती) वाचणंही सोपं राहत नाही.

किंमत हा दुसरा अडथळा. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या एका कंपनीने अडॅलिमुमॅब या दुसऱ्या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, इथे आणलं, अमेरिकेत तसं बायोसिमिलर विकायला येण्यासाठी २०२३ उजाडलं. स्वस्त झालं म्हणजे परवडलंच असं नाही, आमच्या घरात त्यासाठी एफडी मोडावी लागली. मावशीच्या फाईलमध्ये पहिल्या इंजेक्शनच्या पावतीच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी लावलेली आहे, तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून आधी टीबी रोखायच्या गोळ्या सुरू केल्या, आणि इंजेक्शन महिनाभर थांबून मग दिलं.