गरोदरपणात सुगंधी तेलं : मनाईच्या याद्या आल्या कुठून?

धाकट्या जावेला सातवा महिना लागला तेव्हा ती एक काळपट तपकिरी बाटली घेऊन माझ्याकडे आली. बाटली जेमतेम दहा मिलिलिटरची. वर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के नैसर्गिक', खाली फुलाचं चित्र. कुठल्या वनस्पतीचं तेल, तिचं शास्त्रीय नाव काय, झाडाच्या कुठल्या भागाचं, यातलं काहीच नव्हतं. "ताई, दुकानातली म्हणाली, रात्री चार थेंब कोमट पाण्यातून घे, झोप लागेल. घेऊ ना?" मी नको म्हटलं. का नको, हे मात्र तेव्हा मला धड सांगता आलं नाही. फोनवर फिरणाऱ्या याद्या उघडल्या तर त्यांतही कारण नव्हतं. पेनिरॉयल नको, सेज नको, जुनिपर नको, कापूर नको, एवढंच. कारणं शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की ही सगळी नावं एका जागेवरून आलेली नाहीत. एकेका नावामागे वेगळी हकीकत आहे.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात दुःखाची हकीकत नको असलेल्या गर्भाची. पेनिरॉयल ही पुदिन्याच्या जातीची युरोपातली वनस्पती. अंगावरून जावं म्हणून तिचा काढा घेण्याची चाल तिथे ग्रीकांच्या काळापासून होती. काढा निराळा आणि उकळून, वाफ थंड करून काढलेलं तेल निराळं. पण नाव तेच राहिलं आणि बायका तेल प्यायल्या. १९७८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलीने गर्भ पडावा म्हणून हे तेल घेतलं, सुमारे ३० मिलिलिटर. यकृत निकामी झालं, रक्त गोठेनासं झालं आणि आठवड्याभरात ती गेली. या तेलात पुलेगोन नावाचं द्रव्य असतं. यकृत ते पचवायला जातं तेव्हा त्याचं आणखी विषारी द्रव्य होतं आणि ते यकृताच्याच पेशी मारतं.

कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्स्लीपासून काढलेल्या अपिऑल या द्रव्याची गोष्टही अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये ते पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून पुढे आलं. पुढे त्याच्या कुप्या गर्भ पाडण्यासाठी सर्रास घेतल्या जाऊ लागल्या. १९३०च्या सुमाराला युरोपात विकल्या गेलेल्या काही कुप्यांत तर एका औद्योगिक रसायनाची भेसळ निघाली आणि त्या घेतलेल्या बायकांचे पाय लुळे पडले. या साऱ्या प्रकरणांतून डॉक्टरांना एक गोष्ट कळली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते : ही तेलं नेमकी गर्भाशयावर काम करत नाहीत. गर्भ पडेल एवढी मात्रा घेतली तर आधी आईचं यकृत, मूत्रपिंडं, मेंदू यांना धोका पोचतो. गर्भ पडतो तो बऱ्याचदा आईलाच विषबाधा झाल्यामुळे.

इथे आपल्या घरातली एक वस्तू आठवते. बाळंतशोपा. नावातच वेळ सांगितली आहे, बाळंत झाल्यावर खायच्या. शेपूचं हे बी. युरोपातल्या शेपूच्या बियांचं तेल आणि आपल्याकडच्या शेपूच्या बियांचं तेल यांत मोठा फरक आहे. आपल्याकडच्या तेलात डिलअपिऑल बऱ्याच प्रमाणात असतं. रेणूच्या दृष्टीने ते पार्स्लीतल्या अपिऑलचं सख्खं भावंड. म्हणून सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरच्या कामात भारतीय शेपूच्या बियांचं तेल गरोदरपणात वर्ज्य धरलं आहे. मुखवासातल्या चार दाण्यांबद्दल हे नाही, बाटलीतल्या तेलाबद्दल आहे.

दोन्हींत अंतर किती, ते ओव्यावरून मोजता येतं. ओव्यात उडनशील तेल साधारण दोन ते चार टक्के. तीन धरले तर एक मिलिलिटर तेलासाठी तीसेक ग्रॅम ओवा लागतो. चहाचा चमचाभर ओवा म्हणजे दोनेक ग्रॅम. म्हणजे पाच मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटलीत दीडशे ग्रॅम ओव्याचं तेल असतं. आजीने पोट दुखलं म्हणून तळहातावर ठेवलेली चिमूट आणि ही बाटली एका मापाने मोजताच येत नाहीत. "ओवा तर आपण रोज खातो" म्हणणाऱ्याला हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते.

याद्यांमधली काही नावं मात्र निव्वळ नावांच्या गोंधळातून आली आहेत. सॅव्हिन हे जुनिपरच्याच कुळातलं झुडूप, गर्भपातासाठी युरोपात शतकानुशतकं बदनाम. त्याच्या तेलात सॅबिनिल अॅसिटेट नावाचं द्रव्य असतं. ते गरोदर उंदरांना दिलं तेव्हा गर्भाला इजा झाल्याचं फ्रान्समधल्या प्रयोगांत दिसलं. पण जिनमध्ये जे जुनिपर घालतात ते वेगळं झाड, आणि त्याच्या फळांच्या तेलाची घडण वेगळी. दोघांचं आडनाव एक म्हणून एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नावावर चढला आणि पुस्तकामागून पुस्तकात तसाच उतरवला गेला. बाटलीवर शास्त्रीय नाव असलंच पाहिजे असं मी म्हणते ते यासाठी. 'सेज' या युरोपातल्या स्वयंपाकात वापरायच्या पाल्याचंही असंच. साध्या सेजच्या तेलात थुजोन नावाचं द्रव्य असतं, त्याने झटके येऊ शकतात. क्लॅरी सेज ही त्याच कुळातली दुसरी वनस्पती, तिच्यात ते नावापुरतंच असतं. इंग्लंडमधल्या सुईणी क्लॅरी सेज वापरतात तेही दिवस भरल्यावर, कळा सुरू होताना. आधी नाही.

कापराचा धोका मात्र पुरेपूर खरा आहे, आणि त्यामागची हकीकत वाचून मी बराच वेळ गप्प बसले. अमेरिकेत छातीला चोळायचं कापराचं तेल मिळायचं, सरकीच्या तेलात वीस टक्के कापूर. इंग्रजीत त्याचं नाव आणि एरंडेलाचं नाव कानाला जवळजवळ सारखं लागतं. बाटल्याही औषधांच्या कपाटात शेजारीशेजारी. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, दिवस भरत आलेल्या बाईने एरंडेल समजून कापराचं तेल घेतलं. तिला झटके आले. बाळ सुखरूप जन्मलं, पण गर्भजलात आणि बाळाच्या रक्तात कापूर सापडला. कापूर वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो, हे त्यातून उघड झालं. अशा अपघातांनंतर १९८२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कापराचं तेल बाजारातून काढलं आणि अंगाला लावायच्या औषधांत कापराला अकरा टक्क्यांची मर्यादा घातली. लहान मुलाच्या पोटात एखादा ग्रॅम कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडे कापूर, ओवाफूल आणि पुदिनाफूल एका बाटलीत घालून ठेवतात. तिन्ही कोरडे खडे, पण एकत्र आले की थोड्याच वेळात विरघळून पाणी होतात. लहानपणी ते बघायला मी बाटलीशी डोळा लावून बसायचे. त्याचे दोन थेंब बत्ताशावर घालून पोटदुखीला द्यायची रीत घराघरांत आहे. त्यात तिसरा हिस्सा कापूर आहे, म्हणून गरोदर बाईला ते देऊ नये. सांधेदुखीच्या गंधपुरा तेलाचंही तसंच. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. पाच मिलिलिटरमध्ये सात ग्रॅम अॅस्पिरिनची ताकद, म्हणजे नेहमीच्या वीस-एकवीस गोळ्या. पोटात गेलं तर काय होईल ते यावरून कळावं. कंबर धरली म्हणून शेवटच्या महिन्यांत ते चोळत राहणंही बरं नाही.

मग सुगंधी तेलाने मालिश करायची पद्धत कुठून आली? ती अगदी अलीकडची, विसाव्या शतकातली. फ्रान्समधले रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गातफोसे यांचा हात १९१० साली प्रयोगशाळेत भाजला आणि त्यांनी जखमेला लॅव्हेंडरचं तेल लावलं. १९३७च्या त्यांच्या पुस्तकाने 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला. त्यांच्यामागून फ्रान्समधले डॉक्टर ही तेलं औषधासारखी, पोटातूनही देऊ लागले. मार्गरिट मोरी यांनी मात्र साध्या तेलात अगदी थोडं सुगंधी तेल मिसळून मालिश करण्याची रीत लंडनमध्ये रुजवली. आज एक जण म्हणतो 'पाण्यातून घ्या', दुसरा म्हणतो 'पोटात मुळीच नको', तो या दोन घराण्यांमधला फरक आहे. पोटातून घेण्याच्या पद्धतीत रोग्यासमोर निदान डॉक्टर बसलेला असायचा. जावेला बाटली विकणाऱ्या दुकानातल्या बाईने ती पद्धत उचलली, डॉक्टर मागेच राहिला.

गरोदर बायकांवरचा मोठा अनुभव दुसऱ्या घराण्याचाच आहे. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात १९९०पासून आठ वर्षं सुईणींनी ८,०५८ बाळंतिणींना कळांच्या वेळी लॅव्हेंडर, गुलाब, क्लॅरी सेज अशी निवडक तेलं दिली. त्रास झाल्याच्या नोंदी सुमारे एक टक्का, त्याही मळमळ, डोकेदुखी, पुरळ अशा. कुणाला तेल द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून कळा कमी झाल्या असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. २०११ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने दोन चाचण्या, ५३५ बायका एकत्र पाहिल्या आणि पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. पण ही सगळी तेलं दिवस भरल्यावरची, सुईणीच्या डोळ्यांसमोर दिलेली. पहिल्या तीन महिन्यांबद्दल त्यातून काही कळत नाही, आणि बाळाचे अवयव घडतात ते त्याच महिन्यांत. तेव्हा पहिले तीन महिने अंगाला सुगंधी तेल नको. पुढे, आपल्या डॉक्टरांना विचारून, एक टक्का : तीस मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब. पोटात कधीच नाही. दमा असेल, फिट येत असतील, रक्तस्राव झाला असेल किंवा आधी दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण झालं असेल, तर हेही नको.

जावेची बाटली आम्ही परत केली. तिला झोपेपेक्षा मळमळीचाच त्रास जास्त होता. इराणमध्ये २०१४ साली शंभर गरोदर बायकांवर लिंबाच्या वासाचा प्रयोग झाला आणि मळमळ थोडी कमी झाल्याचं दिसलं. तिला ते सांगितलं तेव्हा तिने पर्समधून लिंबू काढून दाखवलं. माहेरी जाताना बसमध्ये ती ते नखाने जरासं खरवडते आणि नाकाशी धरते. घाट उतरेपर्यंत एक लिंबू पुरतं.