विद्यापीठातील ऑपेरा दिग्दर्शन

संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन संपूर्ण ऑपेरा (गाऊन सादर होणारे पाश्चात्त्य संगीतनाट्य) किंवा म्युझिकल (संवाद आणि गाण्यांचे नाटक) बसवणे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. इंडियाना विद्यापीठात १९४८ पासून ऑपेरा होतात. विद्यार्थ्यांशी या प्रकाराचे नाते मात्र त्याहून जुने. इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेराचा एक अगदी सुरुवातीचा प्रयोग १६८९च्या सुमारास चेल्सीतील मुलींच्या शाळेत झाला होता.

कृती निवडताना आधी गळे मोजले जातात. सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) भरपूर आणि टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) मोजके, ही नेहमीची अडचण. म्हणून तासाभराचा ‘डायडो’ किंवा फक्त स्त्रीभूमिकांचा पुच्चिनीचा ‘सुओर अँजेलिका’ पुन्हापुन्हा निघतो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांतल्या मोठ्या भूमिका टाळलेल्या बऱ्या: भरल्या वाद्यवृंदावरून आवाज पोहोचवताना विशीतला गळा ताणला जातो, कारण ऑपेरात सहसा माइक नसतो. म्युझिकलमध्ये तो असतो, केसांच्या कडेशी चिकटवलेला. टोपी किंवा घाम लागला की खरखरतो. बहुतेक गाजलेल्या म्युझिकलचे प्रयोगहक्क विकत घ्यावे लागतात आणि परवानगीशिवाय संहितेतला शब्दही बदलता येत नाही.

गाणी पाठ झाल्याशिवाय हालचाली बसवू नयेत. हातात स्वरलिपीचे पुस्तक असलेला गायक नटासारखा वावरत नाही. मोठ्या भूमिकांना गायकांचे दोन संच घेतात. संधी दुप्पट होते, पण प्रत्येकाच्या वाट्याची तालीम निम्मी होते.

दिग्दर्शकाच्या हाती काळ नसतो, तो संगीतकाराने आधीच बांधलेला असतो. मोझार्टचा ऑपेरा ‘फिगारोचे लग्न’ उघडतो तेव्हा फिगारो खोलीची मापे घेत असतो: पाच, दहा, वीस, तीस, छत्तीस, त्रेचाळीस. दोन आकड्यांमध्ये वाद्ये वाजतात तेवढ्यातच पट्टी उचलून पुढे ठेवायची. नटाने एक पाऊल जास्त टाकले की पुढचा आकडा चुकतो. शिवाय पोटावर वाकून गायले तर श्वास अडतो. म्हणून मोजताना वाकावे, आकडा म्हणताना मान वर. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन-तबला नटाच्या मागे जातात. इथे छडी वाद्यवृंद संचालकाच्या हातात, आणि गायकाचे अर्धे लक्ष तिच्याकडे. पाठमोरे उभे करायचेच असेल तर विंगेत संचालकाचे चित्र दाखवणारा पडदा हवा.

तालमी पियानोवर होतात. शेवटच्या टप्प्यात ‘झिट्सप्रोबे’ येते: अभिनय नाही, बसून वाद्यवृंदासोबत गाणे. गाणे कुठे सुरू करायचे याची पियानोवर स्पष्ट ऐकू येणारी खूण इथे एखाद्या क्लॅरिनेटकडे जाते आणि नवखा गायक बावरतो. ती खूण कोणत्या वाद्यात आहे, हे पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे. त्यानंतर प्रकाशयोजनेची तालीम, पियानोवर रंगीत तालीम आणि मग वाद्यवृंदासह. या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या आवाजात गायला मुभा द्यावी, नाहीतर पहिल्या प्रयोगाला घसा बसलेला असतो. परीक्षा तोंडावर असतात, त्यामुळे बदली गायकही तयार ठेवावा लागतो.