ट्रॅक्टरचा नंबर आणि ट्रॉलीचा नंबर

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या तालुक्यांतील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस दिसू लागतात. ट्रॅक्टरचे आरसी बुक मालकाने जपून ठेवलेले असते. ट्रॉलीचे कागद विचारले की मात्र ‘ट्रॅक्टर पासिंग आहे की’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ट्रॅक्टरची नोंदणी ही एक गोष्ट आहे आणि ट्रॉलीची नोंदणी ही दुसरी, आणि पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. हा फरक वेळीच समजून न घेतल्याने अपघातानंतर कुटुंबे अडचणीत येतात, म्हणून तो नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या संज्ञेच्या व्याख्येतच ट्रेलरचा, म्हणजे आपल्या ट्रॉलीचा, समावेश केलेला आहे. इंजिन नाही, स्वतःहून ती हलत नाही, तरीही मोटार वाहनाने ओढण्यासाठी बनवलेली ट्रॉली कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन ठरते. याच अधिनियमाचे कलम ६१ सांगते की इतर मोटार वाहनांच्या नोंदणीला लागू असलेल्या तरतुदी ट्रेलरलाही लागू आहेत. याउलट ट्रॅक्टरची व्याख्या अशी आहे की तो स्वतः माल वाहून नेण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणजे ओढण्याचे काम एका वाहनाचे आणि भार वाहण्याचे काम दुसऱ्या वाहनाचे, आणि म्हणून दोघांची कागदपत्रे दोन. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील तर आरसी तीन असायला हव्यात.

व्यवहारात गोंधळ होतो तो खरेदीच्या वेळी. ट्रॅक्टर शोरूममधून येतो, नोंदणीची सगळी धावपळ विक्रेताच करतो आणि मालकाच्या हाती नोंदणीचा नंबर पडतो. ट्रॉली मात्र बऱ्याचदा वर्कशॉपमध्ये ऑर्डर देऊन बनवून घेतली जाते. लांबी-रुंदी, फाळक्यांची (कडेच्या फळ्यांची) उंची, डंपिंगचा जॅक हे सगळे बोलून ठरते, पण कागदांचे बोलणे राहून जाते. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना २० ला, विक्री प्रमाणपत्र म्हणून नमुना २१ आणि उत्पादकाने दिलेले रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणून नमुना २२ जोडावा लागतो. हा नमुना २२ देण्यासाठी उत्पादकाच्या त्या मॉडेलला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची, उदाहरणार्थ पुण्यातील एआरएआयची, मंजुरी असावी लागते. शिवाजी उद्यमनगर असो, शिरोली असो वा गोकुळ शिरगाव, कोल्हापुरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका घेण्याचे कारण नाही; पण वेल्डिंग कितीही मजबूत असले तरी मॉडेलला मंजुरी नसेल तर ती ट्रॉली नोंदणीला उभी राहू शकत नाही. त्यामुळे बयाणा देण्यापूर्वीच मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, कारण ट्रॉली तयार झाल्यावर ही उणीव भरून काढणे फार अवघड जाते.

तपासणीच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक ट्रॅक्टरवर इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक असे दोन्ही पाहतो. ट्रॉलीला इंजिनच नसल्याने तिची सगळी ओळख चेसिस क्रमांकावर टिकून असते. हा क्रमांक सांगाड्याच्या लोखंडावर ठोकून उमटवलेला असतो. त्यावर नंतर रंगाचे जाड थर चढले किंवा दुरुस्तीच्या वेळी तोच भाग कापून दुसरा चॅनेल जोडला गेला, तर आरसीवरील क्रमांक आणि प्रत्यक्ष ट्रॉली यांचा मेळ घालणे कठीण होते. दर हंगामापूर्वी ट्रॉली रंगवून घेणाऱ्यांनी तेवढी जागा सांभाळावी.

नंबर लिहिण्याच्या बाबतीत तर अनुभवी चालकांचाही घोटाळा होतो. कलम ६१ नुसार ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूवर लिहिलेला असला पाहिजे, आणि ट्रॉली ज्या ट्रॅक्टरला जोडली आहे त्या ट्रॅक्टरचा क्रमांकही ट्रॉलीवर दाखवला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर तो शेवटच्या ट्रॉलीवर. म्हणजे बाजूचा नंबर कायमचा असतो आणि मागचा नंबर ट्रॅक्टर बदलेल तसा बदलतो. आपल्याकडे ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर भावकीतल्या दुसऱ्याचा, असे सर्रास चालते. अशा वेळी फाळक्यावर जुन्याच ट्रॅक्टरचा नंबर राहिला, तर मागून येणाऱ्याने टिपलेला नंबर भलत्याच माणसाच्या घरी नोटीस घेऊन जातो. रात्रीच्या अंधारात सांगली रस्त्यावर किंवा गगनबावडा रस्त्यावर दुचाकीस्वाराला ट्रॅक्टर दिसतच नाही, त्याला दिसते ती फक्त शेवटच्या ट्रॉलीची मागची बाजू, तीही लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याने, अर्धी झाकलेली. म्हणून तो नंबर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लाल रिफ्लेक्टर उघडे राहतील अशी उसाची बांधणी करणे हे मालक आणि चालक या दोघांचेही कर्तव्य आहे, असे मी मानतो.

नोंदणी झाली तरी ती कोणत्या वर्गात झाली हे पाहावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कृषी ट्रॅक्टर हे बिगर-परिवहन वाहन आहे, आणि कृषी ट्रेलर म्हणजे प्रामुख्याने शेतमाल वाहण्यासाठी कृषी ट्रॅक्टरला जोडला जाणारा, सहसा उघडा ट्रेलर. बिगर-परिवहन वर्गातील नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून तिचे नूतनीकरण होते. व्यावसायिक वर्गातील ट्रॉली परिवहन वाहनांत मोडते, आणि तिला योग्यता प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ते नसेल तर कलम ५६ नुसार नोंदणीच वैध धरली जात नाही. स्वतःच्या शेतातील ऊस वाहणे वेगळे आणि भाडे घेऊन विटा, वाळू, खडी वाहणे वेगळे. वर्षभर भाड्याचे काम करायचे असेल तर कृषी वर्गाच्या आरसीवर विसंबून राहू नये, आणि कारखान्याशी वाहतुकीचा करार करण्यापूर्वी आरसीवरील वाहनवर्ग वाचून घ्यावा.

चालकाच्या परवान्याचे मात्र असे नाही. कागद दोन असले तरी ट्रॉलीसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेला चालक केवळ ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मोकळे वजन ७,५०० किलोपेक्षा अधिक नसलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत येतो. या निकालाचा अर्थ कुणी ‘मग ट्रॉलीचे वेगळे काही लागतच नाही’ असा लावू नये, कारण तो निकाल चालकाच्या पात्रतेबद्दल आहे, ट्रॉलीच्या नोंदणीबद्दल नाही.

विम्याबाबत नोंदणीचाच न्याय लागू होतो. तृतीय पक्ष विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे, आणि ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा धरते. पॉलिसीवर ट्रॅक्टरबरोबर प्रत्येक ट्रॉलीचा क्रमांक आहे का, हे हप्ता भरतानाच पाहावे. जोतिबाच्या यात्रेला किंवा मजुरांना शेतावर नेण्यासाठी ट्रॉलीत माणसे बसवणे तर यांपैकी कोणत्याच कागदात बसत नाही.

विनानोंदणी वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पण खरा तोटा दिसतो तो विक्रीच्या वेळी. जुनी जोडी स्टॅम्प पेपरवर एकाच रकमेत विकली जाते आणि नावावर मात्र फक्त ट्रॅक्टर चढतो. ट्रॉली आधीच्याच मालकाच्या नावावर राहते आणि तिने केलेल्या अपघाताचा समन्सही त्याच्याच दारात येतो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, आणि त्यासाठीचे नमुने २९ व ३० ट्रॅक्टरसाठी वेगळे व प्रत्येक ट्रॉलीसाठी वेगळे भरावे लागतात. ट्रॉलीच्या आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर ट्रॅक्टरचे कर्ज फिटले म्हणून तो उतरत नाही. त्यासाठी नमुना ३५ सुद्धा ट्रॉलीच्या नावाने वेगळाच द्यावा लागतो.