किण्वन म्हणजे विनॉक्सिश्वसन नव्हे

‘यीस्टमध्ये विनॉक्सिश्वसन होऊन अल्कोहोल तयार होतं.’ हे वाक्य गाइडांत असतं, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये असतं, आणि बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली मुलंही ते बिनदिक्कत लिहितात. त्यातून किण्वन (आंबणं) आणि विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनविना श्वसन) ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, अशी समजूत पक्की होते आणि पुढे जीवरसायनशास्त्र शिकताना पाय अडकतो. भाकरीच्या पिठाएवढं साधं सांगायचं तर यीस्ट विनॉक्सिश्वसन करतच नाही. ते किण्वन करतं. दोन्हींत ऑक्सिजन खर्ची पडत नाही, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

ऑक्सिश्वसन तुम्हाला पाठ आहे, म्हणून धावतं आठवू. ग्लुकोज फुटतं, पायरुविक आम्ल होतं, ते क्रेब्ज चक्रात जातं, इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) पटलावरच्या साखळीतून उतरत ऑक्सिजनला मिळतात, पाणी होतं. ग्लुकोजच्या एका रेणूमागे जुन्या पुस्तकांत 38 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) असं लिहिलेलं असतं; आता 30 ते 32 मानतात.

खरी गोम पहिल्याच पायरीत आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू होताना निव्वळ दोन एटीपी मिळतात, आणि ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाच्या वाहकावर चढतात. हा वाहक पेशीत मोजकाच असतो. स्लॅब पडताना घमेल्यांची साखळी पाहिली असेल. भरलेलं घमेलं वर जातं, रिकामं खाली येतं. वर कुणी घमेली रिकामी केलीच नाहीत, तर खाली कालवलेला माल कितीही असो, काम ठप्प होतं. पेशीचंही तसंच आहे. सगळं एनएडी इलेक्ट्रॉनांनी भरून गेलं की भोवती साखर असूनही ती फुटत नाही आणि ते दोन एटीपीसुद्धा मिळत नाहीत.

म्हणून विचारायचा प्रश्न असा: घमेली रिकामी कुठे होतात?

यीस्ट पायरुविक आम्लातून आधी कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं. उरतं ते अ‍ॅसिटाल्डिहाइड. एनएडीवरचे इलेक्ट्रॉन या अ‍ॅसिटाल्डिहाइडवर उतरवले जातात आणि त्याचं इथेनॉल होतं. म्हणजे ज्या साखरेतून इलेक्ट्रॉन काढले, तिच्याच तुकड्यावर ते परत ठेवले. बाहेरचं कुणी लागलं नाही, आणि या शेवटच्या पायरीत एकही एटीपी मिळालं नाही. मिळालं ते रिकामं एनएडी, आणि किण्वनाचा सगळा हेतू तोच. अल्कोहोल बनवण्यासाठी यीस्ट किण्वन करतं, हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. यीस्टच्या दृष्टीने अल्कोहोल म्हणजे राडारोडा. साखरेतली बहुतेक ऊर्जा त्यातच राहून जाते. स्पिरिटचा दिवा पेटतो तो त्या उरलेल्या ऊर्जेवर.

विनॉक्सिश्वसनात घमेली याच पद्धतीने रिकामी होत नाहीत. तिथे पटलावरची साखळी असते, अगदी ऑक्सिश्वसनातल्यासारखी. इलेक्ट्रॉन पायरीपायरीने उतरतात, त्या उताराच्या जोरावर पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि ते परत येताना एटीपी बनतं. फरक इतकाच की साखळीच्या टोकाला ऑक्सिजनऐवजी बाहेरून आलेला दुसरा कुणीतरी उभा असतो: नायट्रेट, सल्फेट, फेरिक लोह. म्हणून ते श्वसन. किण्वनात साखळीही नाही आणि टोकाला उभा असलेला पाहुणाही नाही.

किण्वनाला पटल लागत नाही, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुकनरने 1897 मध्ये नकळत दाखवूनही दिलं. त्याने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून रस काढला, त्यात साखर घातली आणि एकही जिवंत पेशी नसताना तो रस फसफसू लागला. 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. किण्वनाची विकरं (एन्झाइम) पेशीद्रवात विरघळलेली असतात, म्हणून पेशी फुटली तरी काम चालतं. श्वसनाच्या साखळीला मात्र पटल अखंड लागतं. ते फाटलं की प्रोटॉन साठणारच नाहीत.

कोकणातल्या भातखाचरात विनॉक्सिश्वसनाची किंमत शेतकरी मोजतो. खाचरात पाणी भरलं की चिखलातला ऑक्सिजन लवकर संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात, नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि खत हवेत जातं. युरिया ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) वरवर न फेकता सात ते दहा सेंटिमीटर खोल रोवायला सांगतात ते यासाठी: तिथे युरियातून झालेलं अमोनियम अमोनियमच राहतं, त्याचं नायट्रेट होत नाही. खाडीतला चिखल काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तेही श्वसनच. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला इलेक्ट्रॉन देतात, हायड्रोजन सल्फाइड होतं आणि ते लोहाशी मिळून काळं पडतं.

आता ‘ऑक्सिजन नसेल तर किण्वन’ या व्याख्येबद्दल. ही व्याख्या पाश्चरच्या ‘हवेविना जगणं’ या कल्पनेतून उतरली आहे आणि ती अपुरी आहे. भरपूर साखर दिली तर बेकरीचं यीस्ट ऑक्सिजन असतानाही किण्वन करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. याहून मोठा पुरावा आपल्याच रक्तात आहे. तांबड्या पेशी अंगभर ऑक्सिजन वाहून नेतात, पण त्यांच्यात तंतुकणिका नसतात. त्यांना लागणारं एटीपी त्या ग्लुकोज फोडून मिळवतात, आणि एनएडी रिकामं करायला पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. ऑक्सिजनने खच्चून भरलेली पेशी आयुष्यभर किण्वनावर जगते! तेव्हा ऑक्सिजन आहे की नाही यावरून ओळखायला जाऊ नका. इलेक्ट्रॉन कुणाच्या पदरात पडतात ते बघा.

ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू तर तिन्ही वाटा जाणतो. ऑक्सिजन असला की त्याच्यावर श्वसन, तो नसला आणि नायट्रेट मिळालं की त्याच्यावर श्वसन, दोन्ही नसलं की किण्वन. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर दुसरी आणि तिसरी वाट वेगळी कशाला लागली असती?

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. दह्यात लॅक्टिक आम्ल, पावात अल्कोहोल: शेवटचा तुकडा वेगळा, तत्त्व तेच. इडलीचं पीठ फुगवण्यात मुख्य वाटा ल्युकोनोस्टॉक या जिवाणूचा असतो. तो लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो, वरून यीस्ट घालायची गरज नसते. सोडा घालून केलेला ढोकळा फुगतो, पण त्यात आंबणं काहीच नाही.

एक गोंधळ मात्र कारखान्यांनी वाढवला आहे. उद्योगात टाकीत सूक्ष्मजीव वाढवून काहीही बनवलं की त्याला फर्मेंटेशन म्हणतात. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन ज्या टाक्यांत बनत असे त्यांनाही फर्मेंटरच म्हणायचे. पण पेनिसिलियम बुरशीला हवा लागतेच, म्हणून अशा टाकीत निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते. तिथलं फर्मेंटेशन हा धंद्यातला शब्द आहे, जीवरसायनशास्त्रातला नव्हे. व्हिनेगरचंही तेच, अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. मराठीत ‘किण्वन’ हा शब्द लिहिताना तरी हा भेद पाळावा असं मला कळकळीने वाटतं, कारण इंग्रजीतला सैलपणा इथे आयात करायचं काही कारण नाही.

दोन्ही प्रक्रिया एकाच जागी पाहायच्या असतील तर गोबर गॅसची टाकी बघा. आधी किण्वन करणारे जिवाणू शेणाचे आणि खरकट्याचे तुकडे करतात. त्यातून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. मग मिथेन बनवणाऱ्या आद्यजीवाणूंपैकी काही जण हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला देतात, म्हणजे बाहेरच्या पाहुण्याला, आणि त्याचा मिथेन होतो. पहिले भराभर वाढतात, दुसरे सावकाश. एखाद्या कार्यानंतर उरलेला भात आणि जिलेबी एकदम टाकीत लोटली की आम्ल झपाट्याने साचतं, मिथेनवाल्यांना ते सोसत नाही आणि शेगडी विझते. लोक मग आणखी खरकटं घालतात. तेव्हा घालणं थांबवायचं, थोडी चुन्याची निवळी सोडायची आणि मागे पडलेल्यांना काही दिवस द्यायचे.